माशाचं गाव कोणतं?

परवा रविवारी वाशिमच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो होतो. बर्फाच्या खोक्यात रोहू-कतला, बाजूला पोत्यावर सुके बोंबील आणि सुकट. सहज विचारलं, "काकू, मासा कुठचा हाय?" काकूंनी हात न थांबवता उत्तर दिलं, "बर्फाचा हाय बापा! तुले खायाचा हाय का त्याचं लग्न जमवाचं हाय?"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. काकूंचा यात काही दोष नाही. रात्रीच्या गाडीनं खोकी येतात, बहुतेक आंध्रातून. ठोकवाल्याकडून त्या घेतात आणि विकतात. मासा कुठल्या तळ्यातला, कुठल्या बोटीवरचा, याचा कागद त्यांना कोणी देत नाही. आणि गिऱ्हाइकांनी तो कधी मागितलेलाही नाही.

आता बघा, आपल्या जिल्ह्यात बाकी कशाचा पत्ता लागत नाही? सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो. बियाणं उगवलं नाही तर त्याच नंबरावरून तक्रार होते. गाय-बैलाच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. सागवानाच्या लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण लागते आणि वाहतुकीचा पास नसेल तर गाडी नाक्यावर अडते. मासा तेवढा बेवारस!

कोणी म्हणेल, वाशिमला समुद्र नाही, आपल्याला काय त्याचं? म्हणून आज हा थोडा लांबचा इतिहास सांगतो. मुद्दा शेवटी आपल्याच ताटात येऊन पडतो.

सुरुवात गोव्यापासून. १९७० च्या दशकात तिथं ट्रॉलर वाढले. कोळंबीला परदेशात भाव होता आणि यांत्रिक बोटींना सरकारी मदतही मिळत होती. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. मोठ्या माशासोबत पिल्लं, अंडी, सगळंच येतं. तोवर गोव्याचे रापणकर किनाऱ्यावरून लांबलचक रापण टाकून, सगळ्या गावानं मिळून ती ओढत असत. त्यांच्या हाताला मासा लागेनासा झाला. मातानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रापणकर एकत्र आले. मागणी साधी होती: किनाऱ्याजवळची पट्टी आमच्यासाठी ठेवा, यंत्राच्या बोटी लांब जाऊ द्या. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, समुद्रात मारामाऱ्याही झाल्या. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही हेच चाललं होतं. १९७८ मध्ये लहान मच्छीमारांचा देशपातळीवरचा मंच उभा राहिला, तो याच लढ्यांतून.

केंद्रानं त्याआधी १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली होती. तिच्या अहवालानंतर १९७९ मध्ये राज्यांना एक नमुना कायदा पाठवला गेला. गोवा आणि केरळनं १९८० मध्ये आपापले कायदे केले, महाराष्ट्रानं १९८१ मध्ये, कर्नाटकानं १९८६ मध्ये. गुजरातचा कायदा यायला २००३ उजाडलं.

गोची इथंच झाली. घटनेप्रमाणे मासेमारी हा राज्याचा विषय. पण राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतच. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचा समुद्र केंद्राचा. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, दंड वेगळा, बंदीच्या तारखा वेगळ्या. मासा मात्र सीमा ओळखत नाही. बांगडा आज कारवारला, उद्या मालवणला. त्याच्या मागे बोटीही येतात. कर्नाटकातले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या पाण्यात शिरतात म्हणून मालवणच्या मच्छीमारांची किती आंदोलनं झाली, हे कोकणातल्या कुणालाही विचारा. आपल्याकडं दोन गावांच्या शिवेवर बांधावरून जे होतं तेच, फक्त इथं बांध दिसत नाही.

राज्यं एकत्र बसली की काय होतं, याचंही उदाहरण आहे. पावसाळी बंदीचं. कोकणात पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायची रीतच होती, कारण खवळलेला समुद्र आणि माशांचा विणीचा काळ. आपल्याकडं पहिल्या पावसात चढणीचा मासा प्रवाहाविरुद्ध वर जातो, तोही अंडी घालायलाच. पण यंत्राच्या बोटी आल्या आणि रीत मोडली. मग राज्यांनी सरकारी बंदी घातली, तीही आपापल्या तारखांनी. एकाची बंदी चालू असताना शेजारच्याच्या बोटी सुटलेल्या. पाळणाऱ्यानं उपाशी राहायचं आणि मासा दुसऱ्यानं न्यायचा, असा प्रकार. अखेर २०१५ पासून सबंध पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून, अशी ६१ दिवसांची बंदी ठरली. एक तारीख ठरायला इतकी वर्षं गेली. पण ठरली तेव्हा निदान "शेजारी पाळत नाही तर आम्ही का पाळू" हे कारण तरी उरलं नाही.

ही झाली वेळेची शिस्त. बोट कुणाची, हे ओळखायची घाई मात्र माशांमुळं झालीच नाही. ती झाली २६ नोव्हेंबर २००८ मुळं. मुंबईवर हल्ला करणारे दहा जण आले ते पोरबंदरची 'कुबेर' नावाची मासेमारी बोट समुद्रात ताब्यात घेऊन. मुंबईजवळ रबरी होडीत उतरले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी किनाऱ्याला लागले. हजारो बोटींच्या गर्दीत एक बोट कुणाच्या डोळ्यात येणार? त्यानंतर बोटींची ऑनलाइन नोंदणी, प्रत्येक राज्याच्या बोटींना वेगळा रंग, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं, हे सगळं भराभर सुरू झालं. जे काम मच्छीमार संघटना वर्षानुवर्षं मागत होत्या, परप्रांतीय बोट ओळखता यावी म्हणून, ते सुरक्षेच्या नावाखाली झालं. असो, झालं हे महत्त्वाचं.

मग आली युरोपची अट. चोरून, नियम मोडून पकडलेला मासा आमच्या बाजारात नको, असं युरोपीय संघानं ठरवलं आणि १ जानेवारी २०१० पासून समुद्रातल्या माशाच्या प्रत्येक मालासोबत प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, कुठल्या पाण्यात पकडला, कधी पकडला, कोणता मासा, वजन किती. आपल्याकडं हे प्रमाणपत्र 'एम्पेडा' म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण देतं. हे नुसतं कागदोपत्री नव्हतं. शेजारच्या श्रीलंकेचा मासा युरोपनं २०१५ मध्ये बंद केला, सुधारणा झाल्यावर २०१६ मध्ये परत सुरू केला. थायलंडला २०१५ मध्ये पिवळं कार्ड दाखवलं, ते २०१९ मध्ये मागं घेतलं. त्या काळात थायलंडला कायदे बदलावे लागले, बोटींवर नजर ठेवायची यंत्रणा उभारावी लागली. अमेरिकेनंही २०१९ मध्ये आपली समुद्रातली कोळंबी थांबवली, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यात कासवं अडकतात आणि ती सुटायची सोय जाळ्यात नाही.

आता विचार करा. कोकणच्या किनाऱ्यावर एकाच बोटीतून दोन टोपल्या उतरल्या. एक युरोपला जाणार, तिच्यासोबत कुंडली जाते. दुसरी मुंबई, पुणे, नागपूर करत देशात फिरणार, तिच्यासोबत फक्त बर्फ. मासा तोच, बोट तीच. फरक कशाचा? तिकडच्या गिऱ्हाइकानं विचारलं, इकडच्यानं विचारलं नाही.

विचारलं नाही की काय होतं, ते २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यानं पाहिलं. मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या माशांत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली. प्रेतं टिकवायला वापरतात ते रसायन! मग सरकारकडून सांगण्यात आलं की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांचा विश्वास बसला नाही. काही दिवस बाहेरचा मासा गोव्यात बंद झाला, नंतर नोंदणी आणि शीतगाडीची सक्ती आली. ती सक्ती हजार किलोमीटरवरून येणाऱ्या मोठ्या ट्रकसाठी योग्यच होती. पण तिचा फटका सिंधुदुर्गातून सकाळी ताजा मासा नेणाऱ्या छोट्या टेम्पोवाल्यांनाही बसला, आणि त्यावरून दोन राज्यांत चांगलीच जुंपली. कुठला मासा दूरचा, कुठला शेजारचा, हे सांगणारा कागदच नसेल तर ओल्याबरोबर सुकंही जळतं.

गेल्या काही वर्षांत मात्र गाडी हलली आहे, हे मान्य करायला हवं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये आपला जुना कायदा बदलला. पूर्वी अवैध मासेमारीचं प्रकरण तहसीलदाराकडं जायचं आणि तिथं रेंगाळायचं. आता ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्ताकडं जातं, आणि एलईडी दिवे लावून मासेमारी केल्यास दंड ५ ते २० लाखांपर्यंत आहे. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरली: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. यापेक्षा लहान मासा पकडणं नियमाबाहेर. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं १२ मैलांपुढच्या समुद्रासाठी नियम आणले. त्यात यांत्रिक बोटींना ऑनलाइन प्रवेशपास लागणार, आणि एलईडी व बुल ट्रॉलिंगवर बंदी. त्याच महिन्यात माशाचा माग ठेवण्याचा राष्ट्रीय आराखडाही जाहीर झाला, समुद्रातल्या आणि तळ्यातल्या, दोन्ही माशांसाठी.

तळ्यातल्या! आता आलो आपण वाशिमला.

आपल्याकडं अडाण आहे, एकबुर्जी आहे, गावोगावचे पाझर तलाव आहेत. भोई समाजाच्या कितीतरी घरांची चूल या पाण्यावर पेटते. सोसायट्या तलाव ठेक्यानं घेतात, बीज सोडतात, राखण करतात. त्यांचा मासा सकाळी जाळ्यात आणि दुपारी बाजारात. पण बाजारात तो चार दिवसांच्या बर्फातल्या माशाशेजारी बसतो, आणि भाव बर्फातला मासा ठरवतो. कारण आपला मासा आपला आहे हे सांगायची सोयच नाही.

दुसरा धोका मांगूरचा. थाई मांगूर पाळायला आणि विकायला देशात २००० पासून बंदी आहे. घाणीत वाढतो, सडकं मांस खातो, आणि नदी-तलावात सुटला तर देशी मासा फस्त करतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं आदेश दिल्यावर राज्यात कितीतरी ठिकाणी त्याची तळी नष्ट केली गेली. तरी तो चोरून विकला जातोच. कापून, सोलून ठेवला तर देशी मांगूर कोणता आणि थाई कोणता, सांगा बरं ओळखून! मागचा पत्ता लागत नसेल तर कायदा फक्त पुस्तकात राहतो.

मला काही फार मोठं मागायचं नाही. काकूंच्या हातात मोबाइल आणि क्यूआर कोड द्या, असंही म्हणत नाही. उलट भीती वाटते ती हीच, की उद्या कागदाची सक्ती आली तर ठोकवाला सुटेल आणि दंडाची पावती काकूंच्या नावानं फाटेल. गोव्यात छोट्या टेम्पोवाल्यांचं झालं तसंच. म्हणून सुरुवात वरून व्हावी. आंध्रातून निघालेल्या गाडीसोबत एक चिठ्ठी यावी: कुठलं तळं, कुठला जिल्हा, कधी काढला. ठोकवाल्यानं तीच चिठ्ठी खोक्यासोबत पुढं द्यावी. दोन राज्यांच्या खात्यांनी ठरवलं तर याला कितीसा खर्च येणार? बंदीच्या तारखा जुळवता आल्या, मग एवढं का जमू नये? आणि आपल्या सोसायट्यांच्या माशावर "अडाणचा मासा" अशी साधी पाटी लागली, तर मी तरी दहा रुपये जास्त देईन.

येत्या रविवारी बाजारात गेलात तर विचारा, मासा कुठचा? काकू हसतील, हसू द्या. दहा जणांनी विचारलं की त्या ठोकवाल्याला विचारतील, आणि ठोकवाल्याला गाडीवाल्याला विचारावं लागेल. लग्न जमवताना आपण सात पिढ्या खोदून काढतो. पोटात जाणाऱ्या माशाचं निदान गाव तरी विचारू या की!

तुमच्या गावच्या बाजारात मासा कुठून येतो? माहीत असेल तर खाली लिहा. कारंजा, रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, सगळीकडचं वाचायला आवडेल.