पोस्ट : एक शब्द, तीन घराणी

आपल्या महाराष्ट्रात खेडेगावचा पत्ता लिहायला घेतला की पहिली दोन अक्षरे ठरलेली असतात : ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम, पोस्ट. त्यानंतर तालुका आणि जिल्हा. यातला ‘मुक्काम’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि ‘पोस्ट’ इंग्रजीतून. पण दोघेही आता इतके घरचे झाले आहेत की त्यांचे परकेपण कुणाला जाणवतही नाही.

पण हाच ‘पोस्ट’ शब्द दुसरीकडे भेटला की माणूस गोंधळतो. नोकरीच्या इंग्रजी अर्जात एका रकान्यात ‘पोस्ट’ म्हणजे आपल्या गावचे टपाल कार्यालय, आणि दुसऱ्या रकान्यात ‘पोस्ट’ म्हणजे जी जागा हवी ती, पद. इस्पितळात ‘पोस्टमॉर्टेम’, रस्त्यावर ‘लॅम्पपोस्ट’, भिंतीवर ‘पोस्टर’, आणि आता मुलांच्या हातातल्या मोबाईलवर ‘पोस्ट टाकली’. ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत काय? तर नाही. ‘पोस्ट’ या चार अक्षरी इंग्रजी शब्दात तीन वेगवेगळी घराणी नांदत आहेत. त्यांची ओळख करून घेतली, तर पाठांतराचे पुष्कळ ओझे हलके होईल.

पहिले घराणे खांबाचे. लॅटिन भाषेत ‘पोस्टिस’ म्हणजे दाराचा उभा खांब. हा शब्द इंग्रजीत फार जुन्या काळी गेला. दिव्याचा खांब तो लॅम्पपोस्ट, फुटबॉलच्या मैदानावरचा तो गोलपोस्ट. पूर्वी इंग्लंडात जाहीर सूचना चारचौघांना दिसावी म्हणून खांबावर लावीत. त्यामुळे सूचना लावणे या क्रियेलाच ‘पोस्ट’ म्हणू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात लावायच्या कागदाला ‘पोस्टर’ हे नाव मिळाले. पुढे संगणकावर सूचनाफलक निघाले, तेव्हा त्यांवर मजकूर लावण्यालाही हाच शब्द चालू झाला. तेव्हा आजची मोबाईलवरची पोस्ट ही टपालाची नातलग दिसत असली, तरी तिचे मूळ खांबावर चिकटवलेल्या कागदात आहे.

दुसरे घराणे ‘ठेवणे’ या क्रियेचे, आणि इतिहास खरा इथेच आहे. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘पोझिटा’ म्हणजे ठेवलेली. राजाचे खलिते लांब पोहोचवायचे, तर एक घोडा किती धावणार? म्हणून वाटेवर ठराविक अंतरावर घोडे आणि माणसे ठेवीत. इटलीत अशा ठाण्याला ‘पोस्टा’ म्हणत. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या राज्यात, इंग्लंडात अशी व्यवस्था चांगली रुळली. तिथे ‘पोस्ट’ म्हणजे आधी तो ठेवलेला माणूस, खलिता घेऊन दौडणारा स्वार. त्या काळच्या सरकारी पत्रांवर बाहेरून लिहीत, ‘घाई कर, पोस्ट, घाई कर’. काही पत्रांवर ‘जीव प्यारा असेल तर’ असेही बजावीत, आणि सोबत फासाचे चित्र काढीत! आज आपण पत्र पेटीत टाकतो त्याला पोस्ट म्हणतो; त्या वेळी पोस्ट हा हाडामांसाचा माणूस होता, आणि उशीर झाला तर धमकी त्याच्या मानेला होती.

आपल्या ‘डाक’ शब्दाचा अर्थही असाच आहे, बरे का! डाक म्हणजे टप्प्याटप्प्याला बसवलेली माणसे वा जनावरे. ‘डाकबंगला’ या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे : वाटेवरचा थांबा. दोन दूरच्या देशांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली आणि शब्दही त्याच कल्पनेवर बेतले.

राजाची ही सोय रयतेची कधी झाली? इंग्लंडात १६३५ साली पहिल्या चार्ल्सने ती सामान्य लोकांना खुली केली. हिंदुस्थानात वॉरन हेस्टिंग्जने १७७४ साली कंपनीची डाक लोकांसाठी उघडली. पण अंतर वाढेल तसा दर वाढे. १८५४ साली अंतराची अट गेली : पाव तोळ्याचे पत्र, अर्धा आणा, देशात कुठेही. १८७९ साली एका पैशाचे कार्ड निघाले आणि १८८० पासून मनिऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. मुंबईच्या गिरणीत खपणाऱ्या कोकणच्या माणसाला याचे मोल विचारा! त्याच्या घरची चूल पोस्टमनच्या पावलांकडे कान लावून असे. जो शब्द एके काळी राजाच्या स्वाराचा होता, तो असा गरिबाच्या उंबरठ्यापर्यंत आला.

याच घराण्यात आणखी भावंडे आहेत. शिपायाला पहाऱ्यावर जिथे ठेवला ती जागा ‘पोस्ट’. तीवरून नोकरीतले पद ते पोस्ट, आणि बदलीची नेमणूक ती पोस्टिंग. पोलिसांच्या ज्या ‘आउटपोस्ट’ला आपण दूरक्षेत्र म्हणतो, तेही यातलेच. बँकेतले ‘डिपॉझिट’ म्हणजे ठेव. मराठीनेही नेमका तोच अर्थ उचलला. आणि शेतकरी बंधूंनो, तुमचे ‘कंपोस्ट’ही इथलेच : पालापाचोळा, शेण, माती एकत्र ‘ठेवून’ केलेले ते कंपोस्ट.

तिसरे घराणे अगदी लहान. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ हा ‘नंतर’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द आहे. पोस्टमॉर्टेम म्हणजे मरणानंतर. घड्याळातले ‘पी. एम.’ म्हणजे मध्यान्हीनंतर. इंग्रजी पत्राच्या शेवटी ‘पी. एस.’ लिहितात, म्हणजे नंतर लिहिलेले. आपण तिथे ‘ता. क.’, ताजा कलम, लिहितो.

आता कुणी म्हणेल, ही इंग्रजी भाषा भारीच घोटाळ्याची! पण आपली मराठी तरी काय कमी आहे? ‘खत’ हा शब्द घ्या. शेणखतातला खत आपल्या मातीतला. खरेदीखत, गहाणखत यांतला खत अरबीतून आलेला, त्याचा अर्थ लेखन. दोन्ही उच्चारात सारखे, कुळाने वेगळे. तरी खरेदीखत शेतात टाकायला निघालेला शेतकरी कुणी पाहिला आहे का? मागचापुढचा शब्द पाहून आपण अर्थ ओळखतो, आणि ओळखतो हे आपल्याला कळतही नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून एक विनंती. एक शब्द, एक अर्थ, अशी यादी फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मग ‘पोस्ट’ म्हणजे टपाल एवढेच शिकलेला मुलगा उद्या अर्ज भरताना पदाच्या रकान्यात गावाचे नाव लिहितो, आणि अर्ज बाजूला पडतो. चूक एका शब्दाची, पण जाते ती नोकरी. त्याऐवजी मुलांना पुरे वाक्य द्या आणि विचारा : इथला ‘पोस्ट’ कोणत्या घरचा? खांबाचा, ठेवण्याचा, की नंतरचा? जे मूल मराठीत दोन खते बिनचूक ओळखते, त्याला इंग्रजीतले तीन ‘पोस्ट’ ओळखणे मुळीच जड नाही.