ट्रिम (संगणक आज्ञा)
ट्रिम ही संचालन प्रणालीने सॉलिड स्टेट ड्राइव्हला, म्हणजेच एसएसडीला, द्यावयाची आज्ञा आहे. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे तिच्यामुळे ड्राइव्हला कळते. फ्लॅश स्मृतीत लेखन पानापानाने होते. पुसण्याची क्रिया मात्र अनेक पानांच्या संपूर्ण खंडावरच होते. ट्रिमच्या अभावी ड्राइव्ह निरुपयोगी मजकूरही जपते, खंड रिकामा करताना तो इतरत्र हलवते आणि लेखन मंदावते.

ही सुविधा विंडोज ७ (२००९) पासून अंगभूत आहे. जुन्या संगणकात एसएसडी बसवून विंडोज एक्सपी किंवा व्हिस्टा तशीच ठेवल्यास आरंभीचा वेग कालांतराने घटण्यामागे हे एक कारण असते. लिनक्समध्ये एफएसट्रिम या आदेशाने ट्रिम करता येते.

ट्रिमनंतर पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य असते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते.