निळं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराला निळा रंग द्यावा, अशी सूचना मी घरात मांडली. आधार इतिहासाचा होता. १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी नगरपालिकेच्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. बाईमाणसाची पावलं वाचावीत म्हणून सगळं हाताशी; पीठ-साखरेला नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण; आणि माश्या बसत नाहीत या समजुतीनं कपाटं निळी! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं झाली.

“केवढं होतं हो ते?” हिनं विचारलं.

“३.४ मीटर बाय १.९.”

“म्हणजे एकटीच मावणार! रंग कुठलाही द्या, पण ओट्यापाशी दोघं उभे राहतील एवढी जागा ठेवा.”

तेव्हापासून कांदा मी चिरतो. भिंत पांढरीच आहे. डोळे मात्र लाल.