देशी खेळांचा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील प्रवेश : पुराव्याचा विचार

सन २०३६ च्या ऑलिंपिक सामन्यांचें यजमानपद मिळावें, अशी इच्छा कळविणारें पत्र भारताकडून ऑक्टोबर २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीस गेलें. तेव्हांपासून हुतूतू, खोखो यांसारखे आपले खेळ त्या सामन्यांत घ्यावे ही मागणी पुन्हां जोरानें पुढें आली आहे. मागणी योग्य आहे. परंतु तिच्या समर्थनार्थ जीं कारणें देण्यांत येतात, तीं इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतात हें पाहणें, जुन्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींचें काम आहे. खेळ फार प्राचीन आहे, सबब त्यास स्थान मिळावें, हें पहिलें कारण. सन १९३६ मध्यें बर्लिन येथें हुतूतू ऑलिंपिकांत खेळला गेलाच होता, हें दुसरें. या दोहोंचा विचार येथें क्रमानें करावयाचा आहे.

प्राचीनत्वाबद्दल वाद नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा बाराव्या शतकांतील ग्रंथ असून त्यांत मल्लविनोदास स्वतंत्र स्थान आहे. कुस्तीवरील मल्लपुराण हा संस्कृत ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत सन १९६४ मध्यें प्रसिद्ध झाला. तुकारामबोवांच्या गाथेंत फुगडी, टिपरी, हमामा, विटीदांडू या खेळांवर अभंग आहेत. आमच्या छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, सुमारें ३० किलोमीटरांवर वेरूळ आहे. तेथील १४, २१ व २९ या क्रमांकांच्या लेण्यांत शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसलेलीं कोरलीं आहेत. केवळ जुनेपणा पुरेसा असता, तर ऑलिंपिकांत पहिला हक्क द्यूताचा आणि दुसरा विटीदांडूचा ठरता. तशी मागणी कोणी करीत नाहीं. अर्थात् मागणी करणारांसहि मनांतून दुसरी कांहींतरी कसोटी मान्य आहे.

याच ओघांत आणखी एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. हुतूतूचें मूळ अभिमन्यूच्या चक्रव्यूहभेदांत आहे, असें वारंवार छापून येतें. द्रोणपर्वांत व्यूहाचें वर्णन आहे, खेळाचें नाहीं. एकटा वीर आंत शिरतो व अनेकांशीं झुंजतो, एवढ्या साम्यावर उत्पत्ति ठरवितां येत नाहीं. साम्य हा तर्काचा आरंभ आहे, पुरावा नव्हे.

आतां ऑलिंपिकची सूची प्रत्यक्षांत कशी घडत गेली तें पाहूं. आरंभीं ठाम नियम असा नव्हताच. सन १९०० मध्यें पॅरिस येथें क्रिकेटचा एकच सामना, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यांत, झाला आणि तो खेळ सूचींतून नाहींसा झाला. आपल्या प्रत्येक शाळेंत खेळली जाणारी रस्सीखेच सन १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिंपिकांत होती. पुढें तीहि गेली. नंतर कित्येक वर्षें असा दंडक होता कीं, उन्हाळी ऑलिंपिकांतील पुरुषांचा खेळ निदान चार खंडांतील ७५ देशांत आणि स्त्रियांचा निदान तीन खंडांतील ४० देशांत रूढ असावा. सन २०१४ च्या सुधारणांनंतर यजमानांस कांहीं खेळ सुचविण्याची मुभा मिळाली. तिच्या आधारें टोकियोच्या सामन्यांत कराटे आणि सर्फिंग आले. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंत भरलेल्या समितीच्या अधिवेशनांत लॉस एंजेलिसच्या सन २०२८ च्या सामन्यांसाठीं क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस आदि खेळांस संमति मिळाली. म्हणजे क्रिकेट १२८ वर्षांनीं परत येत आहे. त्यास परत आणणारी गोष्ट त्याचें वय नसून त्याचा प्रसार आणि प्रेक्षकवर्ग ही आहे.

वयानें खेळ वांचत नाहीं, याचें सर्वांत बोलकें उदाहरण कुस्तीचें. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपियांत कुस्ती होती. आमच्या कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं सन १९५२ मध्यें हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें तें कुस्तींतच. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक होय. तरीहि फेब्रुवारी २०१३ मध्यें ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानें सन २०२० च्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें आपला कारभार आणि सामन्यांचे नियम बदलले, तेव्हां त्याच वर्षीं सप्टेंबरांत कुस्तीस स्थान परत मिळालें. ज्या खेळाचें प्राचीनत्व सर्व जगास मान्य, त्यासहि अखेर नियमावलीचाच आधार घ्यावा लागला.

आतां बर्लिनची गोष्ट. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक सन १९३६ मध्यें, ऑलिंपिक सामने चालू असतां, बर्लिनला गेलें व तेथें त्यानें देशी व्यायामप्रकारांचीं व खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. परतंत्र देशांतील एका व्यायामसंस्थेनें एवढें करावें, ही निःसंशय गौरवाची गोष्ट आहे. परंतु त्या ऑलिंपिकांत अधिकृत प्रात्यक्षिक-क्रीडा म्हणून नोंद आहे ती बेसबॉल आणि ग्लायडिंग यांची. पाहुण्यांनीं करून दाखविलेलें प्रात्यक्षिक, सूचींत नोंदलेली प्रात्यक्षिक-क्रीडा आणि पदकासाठीं होणारी स्पर्धा या तीन भिन्न संज्ञा आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यानेंच वरील समजूत पसरली. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां मीहि विद्यार्थ्यांस 'हुतूतू ऑलिंपिकांत होता' असें अनेक वर्षें सांगत असें. तें विधान मीं तपासलेलें नव्हतें. तें येथें मागें घेतों.

मग देशी खेळ पुढें कसा जातो? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचें उदाहरण या बाबतींत उद्बोधक आहे. सन १९०६ मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेनें सन १९१४ मध्यें खोखोचे नियम लेखनिविष्ट केले. दोराबजी टाटा हे तिचे अध्यक्ष असतां त्यांच्याच पुढाकारानें सन १९२० मध्यें अँटवर्प ऑलिंपिकांस भारतीय धावपटू आणि दोन मल्ल गेले. त्यांपैकीं रणधीर शिंदे यांनीं आपल्या वजनगटांत चौथा क्रमांक मिळविला. मल्ल अँटवर्पला जाऊं शकले, कारण कुस्तीस परदेशांत प्रतिस्पर्धी होते. खोखोचे नियम कागदावर आले होते, परंतु समुद्रापलीकडे तो खेळणारें कोणी नव्हतें. एकाच संस्थेच्या इतिहासांत हा भेद स्पष्ट दिसतो.

हुतूतूचा मार्ग याहून लांब. महाराष्ट्रांत हुतूतू, तामिळ प्रांतीं चेडुगुडु, बंगाल्यांत हाडुडु, उत्तरेंत कबड्डी अशीं त्याचीं नांवें. खेळाडूंची संख्या, मैदानाचें माप, बाद होण्याची रीत हीं प्रांतोप्रांतीं निराळीं. सन १९५० मध्यें अखिल भारतीय संघटना स्थापन होऊन एकच नियमावली रूढ होऊं लागली. सन १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून आला, १९९० मध्यें बीजिंग येथें पदकाचा झाला, आणि स्त्रियांचा कबड्डी-सामना २०१० मध्यें ग्वांगझौ येथें सुरू झाला. हें साधलें तें किंमत देऊन. सात खेळाडू, ३० सेकंदांची चढाई आणि 'कबड्डी' हाच एक उच्चार इतकें ठरलें. 'हुतूतू' हा आमचा शब्द मैदानाबाहेर राहिला. ज्यांच्या कानांत तो लहानपणापासून आहे त्यांस हें लागतें, मलाहि लागतें. तथापि चार नांवांचा खेळ एका सूचींत चार ठिकाणीं लिहितां येत नाहीं.

सन २०१८ मध्यें जकार्ता येथें इराणनें पुरुष व स्त्रिया या दोन्ही गटांत सुवर्णपदक घेतलें, तेव्हां आपल्याकडे हळहळ झाली. सन २०२३ मध्यें हांगझौ येथें भारतानें दोन्ही पदकें परत मिळविलीं. माझ्या मतें या खेळाच्या आंतरराष्ट्रीय पात्रतेचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे जकार्ताचा पराभव होय. जो खेळ आपणच खेळतों व आपणच जिंकतों तो आपला ठेवा असेल, पण तो जगाचा झालेला नसतो. खोखो सन २०१६ मध्यें दक्षिण आशियाई सामन्यांत आला. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकांत भारताचे दोन्ही संघ विजयी झाले आणि दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता. खोखोचा हक्क सिद्ध करावयाचा तर आपल्या विजयांबरोबर नेपाळसारख्यांचे संघहि मोजावे लागतील.

यावरून संग्राहकांस एक विनंति सुचते. खेळ सूचींत जातो तो लिखित नियमांच्या आणि प्रसाराच्या बळावर. म्हणून त्याच्या इतिहासाचीं खरीं साधनें म्हणजे नियमपुस्तिका, सामन्यांचीं हस्तपत्रकें, आखाड्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि शाळांचे वार्षिक वृत्तांत. पोथी आपण रुमालांत बांधून ठेवतों. हीं चतकोर पानें मात्र रद्दींत जातात. मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर हा प्रांत सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व दरबारची भाषा उर्दू होती; सबब येथील कित्येक कागद उर्दूंत असण्याचा संभव आहे. मोडीच्या वाचकांनीं तेहि आपलेच समजावे. अशीं पानें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची नोंद करून नक्कल मंडळाकडे पाठवावी. देशी खेळांची बाजू २०३६ सालीं किंवा पुढें केव्हांहि मांडावयाची झाल्यास चक्रव्यूहापेक्षां हेच कागद अधिक उपयोगीं पडतील.