स्टॅटिन औषधे आणि हृद्रोहिणी विकार

स्टॅटिन हा रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा सर्वांत प्रचलित गट होय. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्रोहिणी अरुंद झाल्या, की स्नायूला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि त्यातून श्रमानंतर छातीत दुखणे (हृदयशूळ), हृदयविकाराचा झटका किंवा आकस्मिक मृत्यू संभवतो. याच्या मुळाशी बहुधा रोहिणीविलेपविकार असतो. कमी घनतेचे मेदप्रथिन (एलडीएल) रोहिणीच्या अस्तराखाली साचते, तेथील भक्षक पेशी त्यातील कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि त्यांच्याभोवती दाह व तंतुमय ऊतक वाढून मेदाचा थर, म्हणजे विलेप, तयार होतो. विलेपावरील पातळ आवरण फाटले, की तेथे रक्ताची गुठळी होऊन वाहिनी एकाएकी बंद पडते. बहुतेक झटके अशा रीतीने येतात.

क्रिया : शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आहारातून न येता शरीरातच तयार होतो. या निर्मितीतील कळीच्या टप्प्यावर काम करणाऱ्या एचएमजी-कोए रिडक्टेज या एंझाइमाला स्टॅटिन औषधे रोखतात. त्यामुळे यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडते व त्या आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राहींची संख्या वाढवून रक्तातील एलडीएल आत ओढून घेतात. या ग्राहींचा शोध लावणारे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्रा दुप्पट केली तरी एलडीएलमध्ये साधारण ६ टक्क्यांचीच आणखी घट होते. म्हणून एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढविण्याऐवजी दुसरे औषध जोडणे श्रेयस्कर ठरते.

इतिहास : जपानमधील सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींचे अर्क तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन वेगळे केले. अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. पुढे सिंव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन प्रचारात आली.

परिणाम : कोलेस्टेरॉल उतरविल्याने आयुष्य वाढते का, याविषयी दीर्घकाळ शंका होती, कारण क्लोफायब्रेट या जुन्या औषधाच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमधील एकूण मृत्यू उलट अधिक आढळले होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीने ही शंका बरीचशी मिटविली. हृदयशूळ असलेल्या किंवा पूर्वी झटका येऊन गेलेल्या ४,४४४ रुग्णांवरील या चाचणीत, सुमारे साडेपाच वर्षांत सिंव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधील एकूण मृत्यूंचा धोका ३० टक्क्यांनी व हृद्रोहिणी विकाराने होणाऱ्या मृत्यूंचा ४२ टक्क्यांनी कमी आढळला. ब्रिटनमधील २०,५३६ जणांवरील चाचणीने (२००२) कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या, पण धोका अधिक असलेल्या व्यक्तींनाही लाभ होतो हे दाखविले. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार एलडीएल दर १ मिलिमोल प्रतिलिटरने (सु. ३९ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर) घटले, की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात, हा लाभ पहिल्या वर्षात थोडा असून पुढील वर्षांत वाढत जातो. विलेपाचा आकार मात्र अल्प प्रमाणातच घटतो. त्यातील मेद व दाह कमी होऊन आवरण बळकट होणे हे लाभाचे मुख्य कारण मानले जाते.

पूरक औषधे : एझेटिमिब आतड्यातील कोलेस्टेरॉलचे शोषण रोखते, तीव्र हृद्रोहिणी विकारानंतर ते स्टॅटिनला जोडल्यास आणखी थोडा लाभ होतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. एलडीएल-ग्राहींचा नाश घडविणाऱ्या पीसीएसके९ या प्रथिनाला बांधून ठेवणारी एव्होलोक्युमॅब व ॲलिरोक्युमॅब ही इंजेक्शने एलडीएल आणखी निम्म्याहून अधिक उतरवितात. याउलट, ‘चांगले’ म्हणून ओळखले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल वाढविणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबची चाचणी मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये थांबवावी लागली. औषधाने रक्ततपासणीतील आकडा सुधारणे आणि रोग टळणे या दोन भिन्न गोष्टी असल्याने, अशा प्रत्येक औषधाची पारख प्रत्यक्ष झटके व मृत्यू यांवरूनच करावी लागते.

दुष्परिणाम व मर्यादा : काही रुग्णांत स्नायू दुखतात, यकृतातील एंझाइमांची रक्तातील पातळी वाढते किंवा मधुमेहाचा धोका किंचित वाढतो. स्नायूंचा तीव्र ऱ्हास विरळा असला, तरी त्यामुळेच सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. दुष्परिणामांमुळे औषध सोडलेल्या रुग्णांवरील एका ब्रिटिश चाचणीत मात्र औषधविरहित गोळीनेही जवळपास तेवढाच त्रास जाणवल्याचे आढळले. स्टॅटिनमुळे हृदयशूळ तत्काळ थांबत नाही. त्यासाठी वेगळे उपचार लागतात. तसेच तंबाखू सोडणे आणि रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे यांची गरज या औषधाने संपत नाही. एलडीएल अपेक्षित पातळीला आल्यावर गोळी बंद केल्यास ते काही आठवड्यांतच पूर्वपातळीकडे जाते; म्हणून हृद्रोहिणी विकार असलेल्यांना हे औषध बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते.