म्हैसूरच्या रेशमाचा इतिहास: अंड्याच्या बाजूने

हौसेखातर परदेशी झुरळे पाळणारे लोक अंडी उबवताना उष्णता आणि हवेतील दमटपणा यांचा काटेकोर हिशेब ठेवतात. झुरळाच्या अंड्यांना निदान एका टणक वेष्टनाचे संरक्षण असते. रेशीमपतंगाची मादी मात्र आपली चार-पाचशे अंडी उघड्यावरच घालते आणि काही दिवसांत मरते. परमुलखातला हा परावलंबी कीटक म्हैसूरने कसा वाढवला, हे समजायचे तर साडीऐवजी अंड्यापासून सुरुवात करावी लागते. चामराजपुरमच्या दक्षिणेस, मानंदवाडी रस्त्यावरील सरकारी रेशीम कारखान्यात पाहुण्यांना दिसतात ते माग.

टिपू सुलतानाने श्रीरंगपट्टणाच्या किल्लेदाराला १७८६ साली लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. बुऱ्हाणुद्दीन आणि कस्तुरी रंगा हे दोघे रेशीमकिडे आणण्यासाठी बंगालला गेले होते आणि सिधौटमार्गे परतत होते. किडे कशा जागेत ठेवायचे, त्यांची पैदास कोणत्या उपायाने वाढवायची, हे त्या दोघांना विचारून कळवावे, असा हुकूम त्यात आहे. तुतीच्या पाल्याची तजवीज आधीच झालेली होती. अडत होते ते पैदाशीपाशी. बंगालकडच्या बहुपिढी जातींची अंडी दहा-बारा दिवसांतच फुटतात. त्यामुळे एवढ्या लांबच्या प्रवासात वाटेतच किडे पोसून पुढची अंडी घ्यावी लागली असतील, असा माझा तर्क आहे.

पैदाशीच्या त्या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर मिळाले फ्रान्समध्ये, तेही संकटातून. पेब्रिन रोगामुळे तेथील कोषांचे उत्पादन १८५३ मधील सुमारे २६,००० टनांवरून १८६५ पर्यंत सुमारे ४,००० टनांवर घसरले. हा रोग मादीकडून थेट अंड्यात उतरतो, त्यामुळे उबवणीची कितीही काळजी घेतली तरी पीक वाचत नाही. लुई पाश्चर यांनी सुचवलेला उपाय साधा होता: प्रत्येक मादीची अंडी वेगळी घ्यायची, मादीला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि रोगाचे कण दिसले तर तिचा अंडीपुंज नष्ट करायचा. मराठवाड्यातला शेतकरी आज ज्यांना ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणतो, त्यांच्यामागे हीच मातृपरीक्षा आहे.

दुसरी अडचण अधिक गूढ होती. म्हैसूरच्या पारंपरिक बहुपिढी जातीच्या कोषातून जेमतेम ३०० ते ४०० मीटर धागा निघतो, तर जपानी-चिनी वळणाच्या द्विपिढी जातींचा धागा १,००० मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लांब भरतो. पण या द्विपिढी जातींची अंडी घातल्यावर लवकरच सुप्तावस्थेत जातात आणि शेतकऱ्याला हवी तेव्हा फुटत नाहीत. अंडे सुप्त होणार की नाही, हे त्याच्या आईला स्वतः अंड्यात असताना मिळालेल्या हवामानावर ठरते. ती २५ अंश सेल्सिअसला उजेडात उबली असेल तर तिची अंडी सुप्त होतात. १५ अंशांना अंधारात उबली असेल तर होत नाहीत. उबवणीगृहातील चूक अशी एक पिढी उलटल्यावर उघडकीस येते! हा निरोप मादीच्या कोषावस्थेत स्रवणाऱ्या एका संप्रेरकातून पोचतो, हे १९५१ मध्ये फुकुदा आणि हासेगावा या जपानी संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले. सुप्तावस्था टाळण्यासाठी अंडी सुमारे २० तासांची असताना ती काही मिनिटे कोमट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात.

श्रीरामपुरा भागातील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९९० च्या दशकात जपानी सहकार्याने ‘सीएसआर’ मालिकेच्या द्विपिढी जाती तयार केल्या, तेव्हा संकराइतकेच महत्त्व या अंडीशास्त्राला होते. त्यांची अंडी आज २५ अंश तापमानात, ७५ ते ८० टक्के आर्द्रतेत उबवतात. अंड्यावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, की ती दोन दिवस काळ्या कागदात गुंडाळतात. ठरल्या सकाळी कागद उघडून उजेड दाखवला, की बहुतेक अळ्या काही तासांतच एकदम बाहेर पडतात, आणि तुतीचा कोवळा पाला त्याआधीच बारीक चिरून ठेवलेला असावा लागतो.