नाशिकची द्राक्षं महिनाभर समुद्रात ताजी कशी राहतात? समजून घ्या रीफर कंटेनरचं काम

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या बागेतून काढलेली द्राक्षं मार्चमध्ये नेदरलँड्सच्या दुकानात विकायला असतात. मधले तीन-चार आठवडे ती विमानात नसतात, तर जहाजावरच्या एका पांढऱ्या पेटीत असतात. घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभरात देठ सुकतो आणि मणी गळायला लागतात. मग एवढ्या लांबच्या प्रवासात ती टिकतात कशी?

या पेटीला 'रीफर कंटेनर' म्हणतात. बहुतेकांना तो एक मोठा फ्रिज वाटतो. माल भरला, बटण दाबलं की झालं काम! पण रीफर कंटेनर गरम माल थंड करण्यासाठी बनवलेलाच नाही. आधीच थंड केलेला माल तसाच थंड ठेवणं, एवढंच त्याचं काम. हा फरक लक्षात न घेतल्यास शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते.

सुरुवात शिडाच्या जहाजापासून

१५ फेब्रुवारी १८८२ रोजी 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून लंडनला निघालं. त्यावर मेंढ्या आणि कोकरांची सुमारे ५ हजार गोठवलेली धडं होती. जहाज चालायचं वाऱ्यावर, पण थंडावा तयार करणारं यंत्र चालायचं कोळशावर.

उष्ण कटिबंधात आल्यावर लक्षात आलं की थंड हवा मालात नीट फिरत नाहीये. तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरले आणि त्यांनी करवतीने जास्तीची भोकं पाडली. आत ते गारठून जवळजवळ मरणाच्या दारात पोहोचले. खलाशांनी दोरीने ओढून त्यांना बाहेर काढलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोहोचलं, तेव्हा अख्ख्या मालातलं एकच धड बाद निघालं.

थंडी तयार करणं एक आणि ती मालाच्या प्रत्येक पेटीपर्यंत पोहोचवणं दुसरं, हे तेव्हाच कळलं. आजचा कंटेनरही याच तत्त्वावर बनवला जातो.

कंटेनर आतून कसा असतो?

साधारण ४० फूट लांबीच्या या कंटेनरच्या भिंतींमध्ये जाड फोम भरलेला असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता आत शिरत नाही. एका टोकाला शीतयंत्र आणि दुसऱ्या टोकाला दरवाजे असतात. त्याला वीज लागते. जहाजावर आणि बंदरात ती प्लगमधून मिळते, रस्त्यावर ट्रेलरला जोडलेल्या डिझेल जनरेटरमधून.

घरच्या जमिनीसारखी याची जमीन सपाट नसते. तिच्यावर लांबलचक पन्हाळी असतात. थंड हवा या पन्हाळींतून खालून येते, मालातून वर चढते आणि छताजवळून परत यंत्राकडे जाते. म्हणून आत वरच्या बाजूला लाल रेघ मारलेली असते. त्या रेघेच्या वर माल रचला तर हवेची परतीची वाट बंद होते.

सगळा 'थंड' माल सारखा नसतो

- द्राक्षं: ० ते उणे ०.५ अंश सेल्सिअस. मण्यांत साखर असल्यामुळे शून्याच्या किंचित खालीही ती गोठत नाहीत.
- केळी: १३ ते १४ अंश. सोलापूर, जळगावची हिरवी केळी आखाती देशांत अशीच जातात. तापमान याहून खाली गेलं तर साल काळपट पडते आणि केळी नीट पिकत नाहीत.
- गोठवलेली कोळंबी, मासे, मांस: उणे १८ अंश किंवा त्याहून कमी.

उणे १८ हाच आकडा का? कारण तो म्हणजे जवळपास ० अंश फॅरनहाइट!

फळ आणि कोळंबी यांच्यात आणखी एक मोठा फरक आहे. तोडल्यानंतरही फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं आणि उष्णता सोडत राहतं. ती उष्णता बाहेर काढायची तर थंड हवा प्रत्येक खोक्याच्या आतून जायला हवी. म्हणून द्राक्षांच्या खोक्यांना भोकं असतात आणि रचताना ती एकावर एक जुळवावी लागतात. गोठवलेला माल श्वास घेत नाही. त्याची खोकी एकमेकांना चिकटवून रचतात आणि हवा फक्त भोवतीने फिरवतात.

खरं काम कंटेनरच्या आधी

ऑक्टोबरच्या छाटणीपासून सांभाळलेला घड सकाळी ऊन चढण्याआधी काढतात आणि क्रेटमधून पॅकहाऊसला नेतात. तिथे खराब मणी काढून घड लहान डब्यांत भरले जातात. खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात, त्यामुळे बुरशीला आळा बसतो.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, प्री-कूलिंग. यात पंख्यांच्या जोरावर थंड हवा खोक्यांतून ओढून काही तासांतच मण्याच्या गराचं तापमान शून्याच्या जवळ आणलं जातं. मग माल कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि तिथून कंटेनरमध्ये.

हा टप्पा घाईत उरकला तर? कंटेनरचा पडदा उणे ०.५ दाखवेल, पण तो आकडा हवेचा असतो, मण्याचा नाही. पॅलेटच्या मधली द्राक्षं पुढचे काही दिवस कोमटच राहतात. जहाज निघेपर्यंत आतमध्ये देठ सुकायला आणि बुरशी धरायला सुरुवात झालेली असते.

छोट्या चुका, मोठं नुकसान

- उणे चिन्ह विसरणं: बुकिंगच्या कागदावर 'उणे १८' ऐवजी '१८' लिहिलं गेलं, तर कोळंबीचा अख्खा कंटेनर गेला.
- उघड्यावर भरणं: आतून गार केलेल्या कंटेनरचं दार दमट हवेत उघडं ठेवलं, तर आत पाणी सुटतं. ओली खोकी दबतात आणि फळ कुजतं.
- मधली वीज जाणं: क्रेनने उचलताना थोडा वेळ प्लग निघतो, तो चालतो. तासन्‌तास निघालेला प्लग मात्र फळाला परवडत नाही.

मार्ग लांबला तर?

न्हावा शेवाहून युरोपला जायचा जवळचा मार्ग तांबडा समुद्र आणि सुएझ कालव्यातून जातो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. प्रवास साधारण १० ते १५ दिवसांनी वाढला आणि भाडंही वाढलं, तेही नेमकं जानेवारी २०२४ मध्ये द्राक्षाचा निर्यात हंगाम सुरू होताना.

गोठवलेल्या कोळंबीला दोन आठवडे जास्त लागले तर खर्च वाढतो, माल सहसा तसाच राहतो. द्राक्षांचं तसं नाही. प्रवासातला प्रत्येक जादा दिवस दुकानातल्या दिवसांतून वजा होतो. बागेतून काढल्यावर गार करायला चार तास उशीर झालेला माल तीन आठवड्यांच्या प्रवासात कदाचित निभावून जातो, पाच आठवड्यांच्या प्रवासात तो उघडा पडतो.

माल खराब निघाला, तर पैसे कोण भरणार?

कंटेनरचं यंत्र संपूर्ण प्रवासातल्या तापमानाची नोंद ठेवतं. शिवाय निर्यातदार खोक्यांमध्ये छोटं नोंदयंत्र ठेवतात. बंदरात माल खराब निघाला की आधी या नोंदी तपासल्या जातात. वाटेत तापमान चढलेलं दिसलं तर बोट जहाज कंपनीकडे जातं. हवेचं तापमान पूर्ण प्रवासात बरोबर असेल, तर प्रश्न उरतो की माल भरतानाच गरम होता का?

म्हणून कंटेनर भरताना सुईसारखा थर्मामीटर मण्यात खुपसून घेतलेलं गराचं तापमान, त्याची वेळ आणि फोटो फार कामाचे ठरतात. साधारण १२-१३ टन द्राक्षांचे पैसे मिळणार की नाही, हे कधीकधी त्या एका कागदावर ठरतं. निर्यातीसाठी माल देणाऱ्या शेतकऱ्यानेही त्याची प्रत मागून घ्यावी.